कोर्स पूर्ण केला, तरी एलएमएसमध्ये ‘अपूर्ण’च: नोंद नेमकी कुठे हरवते?

मोठ्या संस्थेत एलएमएस, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवणारी आणि त्यांची नोंद ठेवणारी यंत्रणा, सांभाळणाऱ्यांना ही तक्रार तोंडपाठ असते: “कोर्स शेवटपर्यंत केला, चाचणीही पास झाले, पण माझ्या नावापुढे अजून ‘अपूर्ण’च दिसतंय.” सक्तीच्या प्रशिक्षणाची शेवटची तारीख जवळ आली की अशा तिकिटांची, म्हणजे हेल्पडेस्ककडे नोंदवलेल्या तक्रारींची, रांग लागते. हेल्पडेस्कचं उत्तर ठरलेलं असतं. कॅशे साफ करा, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा, पुन्हा एकदा कोर्स करून पाहा. तेवढ्याने नाहीच भागलं तर ॲडमिन हाताने ‘पूर्ण’ची खूण करतो आणि तिकीट बंद होतं. पुढच्या फेरीत तीच तक्रार येते, नावं तेवढी वेगळी असतात.

‘पुन्हा करून पाहा’ हा उपाय नाही. दीड तासाचा कोर्स पुन्हा करायला लावणं म्हणजे यंत्रणेतला दोष शिकणाऱ्याच्या वेळातून भरून काढणं. पाळीत काम करणाऱ्या माणसाला तो दीड तास सहज मिळत नाही, आणि ज्याची नोंद हरवली त्याच्याकडेच संशयाने पाहिलं जातं, हे तर मला अजिबात पटत नाही. नोंद हरवण्याच्या जागा मोजक्या आहेत आणि प्रत्येक जागी हरवलेली नोंद आपली वेगळी खूण मागे ठेवते. ती खूण आधी वाचायची, मगच हात लावायचा.

नोंद सर्व्हरपर्यंत जाते कशी

कोर्स सुरू झाला की दोन वेगळे प्रोग्राम एकमेकांशी बोलत असतात. कोर्सचं पॅकेज, म्हणजे झिप करून चढवलेल्या त्याच्या फाइली, शिकणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालतं आणि नोंद ठेवणारा एलएमएस सर्व्हरवर असतो. दोघांमधली बोलीभाषा म्हणजे स्कॉर्म. त्याची १.२ ही आवृत्ती २००१ मध्ये आली, स्कॉर्म २००४ त्यानंतर आली, आणि १.२ ची पॅकेजेस आजही सर्रास चालतात. पॅकेज उघडलं की ते आधी वरच्या फ्रेममध्ये किंवा आपल्याला उघडणाऱ्या खिडकीत एलएमएसने ठेवलेला ‘एपीआय’ नावाचा ऑब्जेक्ट शोधतं. सापडला की ‘इनिशियलाइझ’ होतं, मग स्लाइड पुढे सरकेल तशी मूल्यं ‘सेट’ होतात, मधूनमधून ‘कमिट’ होतं आणि शेवटी ‘फिनिश’.

यातली एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मूल्य ‘सेट’ झालं म्हणजे ते सर्व्हरवर पोहोचलंच असं नाही. अनेक एलएमएसमध्ये ते तोवर ब्राउझरच्या मेमरीतच असतं आणि सर्व्हरकडे जातं ते कमिट किंवा फिनिशच्या वेळी. म्हणून पडद्यावर ‘अभिनंदन, तुम्ही उत्तीर्ण झालात’ असं आलं, तरी ते कोर्सचं म्हणणं असतं. एलएमएसला त्यातलं काही कळलंय की नाही, याचा त्या पडद्याशी संबंध नाही. शिकणाऱ्याने पाठवलेला अभिनंदनाचा स्क्रीनशॉट खरा असतो आणि एलएमएसमधलं ‘अपूर्ण’ही खरं असतं.

तिकीट आलं की आधी काय बघावं

कॅशे साफ करायला सांगण्याआधी त्या माणसाच्या त्या प्रयत्नाची कच्ची नोंद उघडा. बहुतेक एलएमएसमध्ये ॲडमिनला ती दिसते: स्थिती, गुण, लागलेला वेळ, शेवटची जागा, सस्पेंड डेटा (शिकणारा कुठवर आला याची कोर्सने ठेवलेली नोंद). डॅशबोर्डवरचं ‘पूर्ण/अपूर्ण’ पाहून काही कळत नाही, ही आतली नोंद बोलते.

नोंदच नसेल, किंवा ‘नॉट अटेम्प्टेड’ आणि वेळ शून्य असेल, तर कोर्सला एपीआय सापडलेलाच नाही. पहिल्या मिनिटापासून दोघांचं बोलणंच झालेलं नाही. वेळ नोंदलाय, पण माणूस सांगतो त्यापेक्षा बराच कमी, आणि स्थिती ‘इनकम्प्लीट’ असेल तर संपर्क मध्येच तुटला. गुण व्यवस्थित आलेत पण स्थिती ‘फेल्ड’ किंवा ‘इनकम्प्लीट’ असेल, तर संपर्क ठीक होता आणि घोळ नियमात आहे. आणि आतल्या नोंदीत ‘पास्ड’ किंवा ‘कम्प्लीटेड’ असूनही डॅशबोर्डवर ‘अपूर्ण’ दिसत असेल, तर कोर्सला हात लावायची गरजच नाही. गडबड एलएमएसच्या पूर्णतेच्या हिशेबात किंवा अहवालात आहे.

शिकणाऱ्याला विचारायचे प्रश्नही थोडे आहेत. कोर्स किती वाजता उघडला आणि किती वाजता संपवला? मध्ये उठून गेला होता का? शेवटी कोर्समधलं ‘बाहेर पडा’ बटण दाबलं, की टॅबच बंद केला? फोनवर केला की संगणकावर? एवढ्या उत्तरांनी निम्मं काम होतं. ‘कोणता ब्राउझर’ हा प्रश्न मी नंतरच विचारते, कारण तो आधी विचारला की सगळे त्याच्याच मागे लागतात.

मध्येच तुटलेलं सेशन

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त नोंदी इथे हरवतात, आणि हाच प्रकार सगळ्यात कमी ओळखला जातो. शिकणारा कोर्स उघडतो, वीस मिनिटं करतो, फोन येतो, बैठकीला जातो, परत येऊन उरलेला कोर्स पूर्ण करतो. दरम्यान त्याचं लॉगिन सेशन संपलेलं असतं. पण कोर्स ब्राउझरमध्ये आधीच उतरलेला असल्यामुळे स्लाइड पुढे सरकतात, चाचणी होते, अभिनंदनही दिसतं. सेशन संपल्यानंतरची नोंद मात्र एकही पोहोचत नाही.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर चाचणी खात्यातून कोर्स उघडा आणि एफ-१२ दाबून नेटवर्कचा टॅब लावा. दुसऱ्या टॅबमध्ये त्याच खात्यातून लॉगआउट करा. मग कोर्सच्या टॅबमध्ये परत येऊन पुढची स्लाइड घ्या. कमिटची विनंती जाताना दिसते आणि तिच्यापुढे ‘२००’, म्हणजे सगळं ठीक, असं उत्तरही येतं. इथेच लोक फसतात. त्या ओळीवर क्लिक करून उत्तराचा मजकूर उघडा. तिथे ‘ट्रू’ किंवा नोंद झाल्याची पोच असायला हवी, त्याऐवजी लॉगिन पानाचा अख्खा एचटीएमएल पसरलेला असतो. सेशन नाही म्हणून सर्व्हरने विनंती लॉगिन पानाकडे वळवली, ब्राउझरने मुकाट्याने ते पान आणलं आणि ‘२००’ दाखवलं. कोर्सने उत्तर नीट तपासलं नाही, की त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल.

म्हणून सर्व्हरच्या लॉगमध्ये फक्त चुकांचे कोड शोधून हा प्रकार सापडत नाही. कमिटच्या पत्त्यावरून लॉगिन पानाकडे गेलेल्या ३०२ च्या, म्हणजे ‘दुसरीकडे वळवलं’ असं सांगणाऱ्या कोडच्या, नोंदी शोधा. त्या दिसल्या तर निदान झालं.

उपाय करताना फक्त एलएमएसचा सेशन टाइमआउट वाढवून थांबू नका. काही एलएमएसमध्ये कोर्स चालवणारा प्लेअर स्वतःच अधूनमधून सर्व्हरला विनंती पाठवून सेशन जिवंत ठेवतो, पण मोठ्या संस्थेत एलएमएसच्या पुढे सिंगल साइन-ऑन (सगळीकडे चालणारं एकच लॉगिन) असतं, प्रॉक्सी असते, लोड बॅलन्सर (विनंत्या वेगवेगळ्या सर्व्हरमध्ये वाटणारा) असतो, व्हीपीएन असतं, आणि यातल्या प्रत्येकाची स्वतःची मुदत असते. सगळ्यात छोटी मुदत असेल तीच खरी. ती किती आहे हे त्या त्या टीमकडून लेखी घ्या आणि तुमच्या सर्वांत लांब कोर्सच्या वेळेशी ताडून पाहा. एलएमएस एकापेक्षा जास्त सर्व्हरवर चालत असेल तर सेशन सामाईक जागी साठवलं जातं का, हेही विचारा. सेशन एकाच सर्व्हरच्या पोटात असेल आणि लोड बॅलन्सरने माणसाला दुसऱ्या सर्व्हरकडे वळवलं, तर मुदत कितीही असली तरी तो लॉगआउटच होणार. भर दुपारी सर्व्हर एकेक करून रीस्टार्ट केल्यावरही हेच होतं. अशी कामं प्रशिक्षणाची शेवटची तारीख पाहून ठरवली पाहिजेत, हे पायाभूत सुविधांच्या टीमला आपणच सांगायला हवं. त्यांना ती तारीख कोण सांगणार?

आणि सुरक्षेसाठी मुदत कमी ठेवणं भागच असेल, तर कोर्सचे तुकडे करा. नव्वद मिनिटांच्या एका पॅकेजऐवजी पंधरा-वीस मिनिटांची वेगळी पॅकेजेस ठेवली तर सेशन तुटलं तरी एक तुकडाच पुन्हा करावा लागतो. शिकणाऱ्यालाही ते बरं पडतं.

टॅब बंद केला आणि नोंद गेली

जुन्या पॅकेजेसमध्ये महत्त्वाची नोंद खिडकी बंद होतानाच्या ‘अनलोड’ या क्षणावर टाकलेली असते. एकेकाळी हे चालून जायचं, कारण उत्तर येईपर्यंत ब्राउझर खिडकी रोखून धरायचा. पान बंद होताना अशी थांबवून ठेवणारी विनंती पाठवण्याला २०२० च्या सुमारास क्रोमने मनाई केली. अनलोड इव्हेंटच हळूहळू मोडीत काढायचं धोरणही क्रोमने जाहीर केलेलं आहे. फोनवर तर हा इव्हेंट बऱ्याचदा येतच नाही, कारण माणूस ॲप बाजूला सारतो आणि पाठीमागे ब्राउझर कधीतरी पान मारून टाकतो. त्यामुळे वर्षानुवर्षं नीट चाललेला कोर्स कुणी हातही न लावता अचानक नोंदी गाळू लागतो, आणि ‘आम्ही तर काहीच बदललं नाही’ हे म्हणणंही खरं असतं.

यावर प्लेअरच्या बाजूने ‘सेंड बीकन’ किंवा ‘कीप-अलाइव्ह’ विनंती हा उपाय आहे. पान बंद झालं तरी ती जाते, मात्र तिच्यातून साधारण ६४ केबीपर्यंतच मजकूर पाठवता येतो. तुमचा एलएमएस तयार घेतलेला असेल तर त्याची नवी आवृत्ती हे करते का, ते विक्रेत्याला थेट विचारा. पण माझा भर कोर्सच्या बाजूवर आहे: चाचणीचा निकाल लागला की त्याच क्षणी स्थिती सेट करून कमिट झालं पाहिजे. शेवटच्या ‘धन्यवाद’ स्लाइडची आणि बाहेर पडण्याच्या बटणाची वाट बघत बसायचं नाही. कोर्स बनवणाऱ्यांशी करार करतानाच ही अट घाला.

सस्पेंड डेटाची मर्यादा

शिकणारा कुठवर आला, कोणती उत्तरं दिली, हे कोर्स ‘सस्पेंड डेटा’ नावाच्या एका लांब ओळीत कोंबून पाठवतो. स्कॉर्म १.२ मध्ये या ओळीला ४०९६ अक्षरांची मर्यादा आहे. स्कॉर्म २००४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती ६४,००० झाली. लांबलचक कोर्स, भरपूर प्रश्न, प्रत्येक स्लाइडवर बटणं, असं असलं की १.२ ची मर्यादा ओलांडली जाते. काही एलएमएस अशी ओळ नाकारून चूक झाल्याचा कोड देतात, काही तिचं शेपूट कापून साठवतात. दुसरा प्रकार जास्त त्रासाचा, कारण पुढच्या वेळी अर्धवट ओळ वाचून कोर्स गोंधळतो आणि कोऱ्या पडद्यावर अडकतो किंवा पुन्हा पहिल्या स्लाइडवर नेतो.

याची खूण ठळक असते. तक्रारी एकाच कोर्सच्या असतात आणि सगळे जण साधारण एकाच स्लाइडच्या आसपास अडकलेले असतात. नोंदीतली ओळ कॉपी करून तिची लांबी मोजा. ४०९६ च्या काठावर असेल तर आणखी काही शोधू नका. कोर्स लहान करा, किंवा एलएमएस २००४ खरोखर नीट चालवत असेल तरच त्या रूपात पब्लिश करा. मूडल हा एलएमएस वापरत असाल तर लक्षात ठेवा, त्याचा आधार स्कॉर्म १.२ ला आहे. २००४ चं पॅकेज उघडलं म्हणून ते पूर्ण चालेल, असा भरवसा धरू नका.

कोर्स म्हणतो पास, एलएमएस म्हणतो नापास

हा नियमांचा घोळ आहे आणि तो एकाच कोर्समधल्या बऱ्याच जणांना एकदम बाधतो. स्कॉर्म १.२ च्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये, म्हणजे पॅकेजची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये, ‘मास्टरी स्कोअर’ (उत्तीर्ण व्हायला लागणारे गुण) लिहायची सोय आहे. तो लिहिलेला असेल आणि कोर्सने गुण पाठवले, तर कोर्स संपताना एलएमएस ते गुण त्या आकड्याशी ताडून स्वतःच पास-नापास ठरवतो. कोर्सने पाठवलेली स्थिती बाजूला पडते. समजा, कोर्सच्या आत उत्तीर्ण व्हायला ७० गुण ठेवलेत आणि मॅनिफेस्टमध्ये जुन्या आवृत्तीतले ८० तसेच राहिलेत. ७२ गुण मिळवणाऱ्याला पडद्यावर अभिनंदन दिसतं आणि एलएमएसमध्ये तो ‘फेल्ड’. ज्यांना ८५ मिळाले त्यांची तक्रारच नाही, त्यामुळे ‘बाकीच्यांचं बरोबर येतंय की’ असं उत्तर त्या माणसाला मिळतं. अशा वेळी तक्रार करणाऱ्यांचे गुण एका खाली एक मांडून पाहा. सगळे ७० ते ७९ मध्ये सापडले तर झिप उघडून मॅनिफेस्ट वाचा.

दुसरा घोळ शब्दांचा आहे. आर्टिक्युलेट स्टोरीलाइनसारख्या कोर्स बनवायच्या साधनात पब्लिश करताना स्थिती कोणत्या जोडीने पाठवायची ते निवडावं लागतं: पास्ड-इनकम्प्लीट, पास्ड-फेल्ड, कम्प्लीटेड-इनकम्प्लीट वगैरे. स्कॉर्म १.२ मध्ये स्थितीसाठी एकच रकाना आहे, म्हणजे ‘पास्ड’ किंवा ‘कम्प्लीटेड’ यातलं एकच काहीतरी तिथे येणार. एलएमएसमध्ये पूर्णतेची अट ‘कम्प्लीटेड’ ठेवली आणि कोर्स ‘पास्ड’ पाठवत असेल, तर कुणीच कधीच पूर्ण होणार नाही. स्कॉर्म २००४ मध्ये पूर्णता आणि यश असे दोन वेगळे रकाने आहेत, पण तिथेही एलएमएस कोणता बघतो ते तपासावं लागतंच.

नवी आवृत्ती चढवल्यानंतरचा गोंधळ

एका स्लाइडवरचा फोन नंबर बदलला म्हणून कुणीतरी जुन्या पॅकेजवर नवं चढवतं. ज्यांचा कोर्स अर्धा झालाय त्यांचा सस्पेंड डेटा जुन्या रचनेचा असतो. स्लाइडचा क्रम किंवा प्रश्नांची संख्या बदलली असेल तर कोर्स तो वाचताना अडखळतो. काही एलएमएसमध्ये तर पॅकेजमधला ओळखक्रमांक बदलला की जुने प्रयत्न नव्या पॅकेजशी जुळतच नाहीत आणि पूर्ण केलेले लोकही ‘अपूर्ण’ दिसू लागतात.

माझा नियम असा: मजकुरातली किरकोळ दुरुस्ती असेल, रचना तीच असेल, तरच जुन्यावर चढवायचं, तेही मूळ फाइलमधून त्याच ओळखक्रमांकाने पब्लिश करून. रचना बदलली असेल तर नवा कोर्स म्हणून ठेवायचा, नवी नावनोंदणी त्याच्यावर करायची आणि जुन्यातल्या लोकांना ठरावीक मुदतीत संपवू द्यायचं. आणि मूळ फाइल सांभाळा. पब्लिश केलेली झिप हातात आहे पण ती बनवणारा माणूस आणि मूळ फाइल दोन्ही गेलेत, अशा कोर्सची दुरुस्ती कुणालाच करता येत नाही. जुने कोर्स ज्यावर चालायचे त्या फ्लॅश प्लेअरचा आधार २०२० च्या ३१ डिसेंबरला संपला तेव्हा मूळ फाइल नसलेले कोर्स पुन्हा पहिल्यापासून बनवावे लागतात, हे उघडं पडलं.

उरलेल्या दोन जागा

कोर्सच्या फाइली वेगळ्या डोमेनवर किंवा सीडीएनवर (फाइली पुरवणाऱ्या सर्व्हरच्या वेगळ्या जाळ्यावर) ठेवल्या असतील, तर ब्राउझर त्या पानाला एलएमएसच्या खिडकीतल्या ऑब्जेक्टपर्यंत पोहोचू देत नाही. वेळ शून्य, नोंद शून्य. कोर्स एलएमएसच्याच डोमेनखाली आणा किंवा विक्रेत्याकडून मधला दुवा घ्या. २०१६ मध्ये आलेल्या सीएमआय-५ या स्कॉर्मनंतरच्या मानकात खिडकीतून एपीआय शोधण्याची भानगडच नाही, नवं काही उभारत असाल तर तो विचार जरूर करा.

दुसरी जागा माणसांच्या खात्यांची. एचआरच्या यादीतून खाती आपोआप बनतात. लग्नानंतर ई-मेल बदलला किंवा बदली होऊन नवा कर्मचारी क्रमांक मिळाला, की एकाच माणसाची दोन खाती होतात. कोर्स जुन्या खात्यावर पूर्ण, अहवालात नवं खातं. खाती जोडताना ई-मेल ही ओळख म्हणून कधीच वापरू नका. आणि आतली नोंद बरोबर असून डॅशबोर्ड मागे असेल तर आधी पार्श्वभूमीत चालणारी कामं बघा. मूडलमध्ये कोर्सच्या पूर्णतेचा हिशेब क्रॉन (ठरावीक वेळाने आपोआप चालणारं काम) करतो आणि तो दर मिनिटाला चालावा अशी शिफारस आहे. तो रात्री एकदाच चालत असेल तर दिवसभर तक्रारी येणारच.

दुरुस्ती झाली, पुढे काय

कारण सापडल्यावर चाचणी शिकणाऱ्याच्या साध्या खात्यातून करा, ॲडमिनच्या नव्हे. ॲडमिनला काही एलएमएस पूर्वावलोकनाच्या रूपात कोर्स दाखवतात आणि तेव्हा नोंद होतच नाही. दोष पॅकेजचा की एलएमएसचा, यावर विक्रेता आणि कोर्स बनवणारे एकमेकांकडे बोट दाखवू लागले, तर तेच पॅकेज स्कॉर्म क्लाउडवर (स्कॉर्म पॅकेज तपासायची ऑनलाइन सेवा) चढवून तिथला डीबग लॉग दोघांसमोर ठेवा. वाद तिथेच मिटतो.

मग ज्यांनी तक्रार केलीच नाही त्यांना शोधा. कितीतरी लोक गुपचूप दुसऱ्यांदा कोर्स करतात किंवा ‘अपूर्ण’च्या यादीत पडून राहतात. गुण आहेत पण स्थिती नाही, किंवा शेवटच्या स्लाइडपर्यंत गेलेत पण वेळ तुटका आहे, असे त्या कोर्समधले सगळे प्रयत्न एका अहवालात काढा. पुरावा असेल तिथे हाताने ‘पूर्ण’ करा, आधीचा प्रयत्न न पुसता, आणि शेऱ्यात कारण, तारीख व तिकीट क्रमांक लिहून. लेखापरीक्षणात ‘ही नोंद कुणी आणि का बदलली’ असा प्रश्न येतो तेव्हा तोच शेरा कामी येतो. संबंधितांना आणि त्यांच्या वरिष्ठांना दोन ओळींचा मेल पाठवा: चूक यंत्रणेची होती, तुमची नोंद दुरुस्त केली आहे, कोर्स पुन्हा करायची गरज नाही.

दर महिन्याला हाताने केलेल्या नोंदींची कोर्सनिहाय यादी काढायची सवय लावा. ज्या कोर्सपुढे त्या साचताना दिसतील, तो पुढच्या शेवटच्या तारखेआधी साध्या खात्यातून, नेटवर्कचा टॅब उघडा ठेवून, पहिल्या स्लाइडपासून अखेरपर्यंत करून पाहा.